पुस्तक कपाटात, ओपॅकवर शून्य निकाल: मराठी शोध वारंवार का फसतो

लक्षण बहुतेक ग्रंथपालांच्या ओळखीचं आहे. वाचक ओपॅकवर, म्हणजे ग्रंथालयाच्या संगणकीय शोधयादीवर, ‘वऱ्हाड’ टाइप करतो आणि निकाल शून्य येतो. कपाट उघडलं तर वऱ्हाडी बोलीवरची पुस्तकं तिथेच उभी असतात. दाखल रजिस्टरला नोंद आहे, संगणकातही आहे. मग कोणीतरी ती नोंद पुसून पुन्हा टाइप करतं, तेवढं पुस्तक सापडायला लागतं, आणि पुढच्या महिन्यात दुसऱ्या पुस्तकाची तीच तक्रार येते. पुन्हा टाइप करणं हा यावरचा इलाज नाही. त्याने नोंद फक्त टाइप करणाऱ्याच्या कीबोर्डाशी जुळते, वाचकाच्या मोबाइलशी जुळेलच असं नाही.

मराठीतली काही अक्षरं पडद्यावर हुबेहूब सारखी दिसतात, पण संगणकात दोन-तीन वेगळ्या तऱ्हांनी साठवली जातात. शोधयंत्र अक्षराचं दिसणं बघत नाही, साठवण बघतं. पुष्कळ तक्रारींचं मूळ इथेच असतं. उरलेल्यांत बंद पडलेला इंडेक्स (शोधासाठी संगणकाने बांधलेली शब्दसूची), जुन्या फॉन्टमधली भरती, जुनं शुद्धलेखन आणि लेखकांची चार-चार रूपं येतात.

इथलं सगळं कोहा ही ग्रंथालयाची संगणकप्रणाली धरून लिहिलं आहे. ई-ग्रंथालय किंवा सोल वापरत असाल तर इंडेक्सच्या नियमांची फाईल सहसा तुमच्या हातात नसते. तो भाग सोडा, बाकीचं तसंच लागू पडतं. आज्ञा, सूत्रं आणि फाईलींची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत, संगणकावर ती इंग्रजीतच टाइप करायची.

आधी दुखणं कुठलं ते ठरवा

न सापडणारं एक पुस्तक हातात घ्या आणि दाखल क्रमांक किंवा बारकोड टाकून शोधा. ग्रंथपालाच्या बाजूला आयटम सापडतो, पण ओपॅकवर कशानेच सापडत नाही, अगदी इंग्रजी शीर्षकाची नवी पुस्तकंही नाहीत, तर दोष अक्षरांत नाही. इंडेक्स चालू नाही. विदर्भातल्या तालुक्याच्या गावी हे सर्रास होतं: भारनियमनात संगणक धाडकन बंद होतो, वीज आल्यावर कोहा उघडतो, देवघेव सुरू होते, पण मागे इंडेक्सर उठलेलाच नसतो. ‘कोहा-झेब्रा’ (झेब्रा हे कोहाचं शोधयंत्र) आणि ‘कोहा-इंडेक्सर’ या दोन्ही आज्ञा ‘स्टेटस’ लावून चालवा. बंद दिसला की ‘स्टार्ट’ द्या. डेटाबेसमधल्या ‘झेब्राक्यू’ या तक्त्यात ‘डन’ रकाना शून्य असलेल्या ओळी साचत चालल्या असतील तर निदान पक्कं झालं. कमी खर्चाचा उपाय म्हणजे सर्व्हरपुरता यूपीएस. वाचनकक्षातली यंत्रं त्यावर लावू नका, नाहीतर तो सर्व्हर नीट बंद करण्याइतकाही पुरणार नाही.

इंग्रजी शीर्षकं सापडतात आणि मराठीच अडतात, तर पुढची चाचणी करा. आयटमवरून नोंद उघडा, शीर्षकातला अडणारा शब्द कॉपी करा आणि शोधपेटीत पेस्ट करा. पेस्ट केल्यावर सापडतो, पण हाताने टाइप केल्यावर नाही, तर तुमची साठवण आणि वाचकाचं टायपिंग वेगळं आहे. पेस्ट केल्यावरही सापडत नसेल, तर इंडेक्स देवनागरी शब्द नीट तोडत नाही. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत. ही चाचणी न करता सरळ दुरुस्तीला हात घातला की आठवडा वाया जातो.

एका शब्दाची चिरफाड

‘वऱ्हाड’ हाच शब्द घेऊ, कारण विदर्भातल्या कॅटलॉगात तो सगळीकडे आहे आणि तोच सगळ्यांत जास्त फसतो. एक्सेल किंवा लिबर ऑफिस कॅल्कमध्ये शीर्षकं काढून घ्या. शेजारच्या रकान्यात ‘लेन’ सूत्राने शब्दाची लांबी मोजा आणि ‘युनिकोड’ सूत्रात ‘मिड’ घालून दुसऱ्या अक्षराचा क्रमांक पाहा.

लांबी ६ आणि दुसरं अक्षर २३५३ आलं, तर तो योग्य साठवलेला ‘ऱ्ह’ आहे: व, ऱ, हलन्त, ह, काना, ड.

लांबी ७ आणि दुसरं अक्षर २३५२ आलं, तर साध्या ‘र’ला हलन्त देऊन पुढे ८२०५ क्रमांकाचं न दिसणारं जोडचिन्ह घातलेलं आहे. पडद्यावर पहिल्या प्रकारात आणि यात तिळमात्र फरक दिसत नाही. जुन्या कीबोर्डांनी आणि फॉन्ट बदलणाऱ्या कन्व्हर्टरांनी हे रूप ढिगाने तयार करून ठेवलं आहे. लांबी ७ असून तिसरं अक्षर २३६४, म्हणजे नुक्ता, असंही क्वचित निघतं. ते पहिल्याचंच सुटं रूप आहे.

लांबी ६ आणि दुसरं अक्षर २३५२ आलं, तर कोणीतरी रफार देऊन ‘वर्हाड’ लिहिलं आहे. मोबाइलवर घाईत लिहिणारे वाचक बरेचदा हेच लिहितात.

लांबी ५ आणि दुसरं अक्षर ४५ म्हणजे ‘व-हाड’. युनिकोडच्या सुरुवातीच्या काळात ऱ्ह-ऱ्य उमटत नसत, तेव्हा आडवी रेघ टाकायची सवय पडली. ‘शेतक-यांचा’, ‘दुस-या’ ही त्याचीच भावंडं. यात शोधयंत्र शब्दाचे दोन तुकडे करतं, त्यामुळे शब्द अजिबात हाती लागत नाही.

असे आणखी काही जोड लक्षात ठेवावेत. ‘ॲ’ एकसंध असेल तर २४१८, ‘अ’ला वर चंद्र लावलेला असेल तर २३०९ आणि २३७३, आणि हिंदी कीबोर्डवरचा ‘ऍ’ असेल तर २३१७. ‘ॲसिड’, ‘ॲड.’, ‘ॲग्रो’ हे तिन्ही रूपांत सापडतात. एकसंध ‘ॲ’ युनिकोडमध्ये २००८ साली आला, त्यामुळे त्याआधीची भरती सगळी दुसऱ्या दोन रूपांतली असणार. ‘दुःख’मधला विसर्ग २३०७ असायला हवा, पण बहुतेक ठिकाणी तिथे इंग्रजी कोलन म्हणजे ५८ असतो. ‘ो’ हे २३७९ ऐवजी काना आणि मात्रा, म्हणजे २३६६ आणि २३७५, असं जोडून आलेलं असलं, तर ते कन्व्हर्टरचं काम आहे. ‘आ’च्या जागी ‘अ’ला काना जोडलेला असणं हेही त्यातलंच. यातल्या नुक्त्याच्या ‘ऱ’ला युनिकोडचं प्रमाणीकरण सरळ करतं. ॲ, कोलन आणि तोडलेला ओ यांना ते हातही लावत नाही, म्हणून ‘आमचा डेटा युनिकोडच आहे’ एवढ्यावर निर्धास्त राहता येत नाही.

‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणं दिसत नाहीत, हिंदी वळणं दिसतात, ही तक्रारही ओपॅकबद्दल नेहमी येते. तो फक्त फॉन्टचा प्रश्न आहे, शोधाशी त्याचा संबंध नाही. त्यासाठी डेटात काहीही बदलू नका.

साठवण साफ करताना क्रम चुकवू नका

पहिलं काम म्हणजे ‘कोहा-डंप’ने पूर्ण बॅकअप घेऊन तो पेन ड्राइव्हवर दुसऱ्या यंत्रात उघडून पाहणं. न उघडलेल्या बॅकअपवर भरवसा ठेवू नका.

मग न दिसणाऱ्या जोडचिन्हांची सफाई. इथे एक चूक हटकून होते: ८२०५ सगळीकडून एका फटक्यात पुसलं जातं आणि सगळे ‘ऱ्ह’ रफार होऊन बसतात. म्हणून आधी ‘र, हलन्त, ८२०५’ या तिघांच्या जागी ‘ऱ, हलन्त’ घाला. कॅल्कमध्ये ‘सब्स्टिट्यूट’ सूत्रात ‘युनिकॅर’ वापरून हे एका रकान्यात होतं. ते झाल्यावरच उरलेले ८२०५ आणि ८२०४ पुसा. उरलेल्यांचं काम अर्धं अक्षर कसं दिसावं एवढंच असतं. ते गेल्याने ‘श्च’, ‘क्त’ची ठेवण थोडी बदलेल, अर्थ बदलत नाही.

आडव्या रेघेचं काम आपोआप करू नका. ‘-य’ आणि ‘-ह’ असलेली शीर्षकं गाळून बाजूला काढा आणि डोळ्यांनी वाचा. ‘हसत-हसत’, ‘होता-होता’ ही शीर्षकं रेघेनेच बरोबर आहेत. एकगठ्ठा बदल केला तर त्यांचंही ‘हसतऱ्हसत’ होईल.

कोलनचं त्याहून अवघड. मार्क (ग्रंथालयीन नोंदीचा ठरीव आराखडा) नोंदीत शीर्षक आणि उपशीर्षक यांच्या मध्ये कोलन असतोच, आणि तो तिथेच हवा. म्हणून फक्त दोन्ही बाजूंना देवनागरी अक्षर चिकटलेला कोलन विसर्गात बदला: ‘दु:ख’, ‘अंत:करण’, ‘नि:शब्द’. ‘स्वत:’ आणि ‘पुन:’ यांच्यासारखे शब्दाच्या शेवटचे कोलन एकेक पाहून बदला. जागा सोडून आलेला कोलन उपशीर्षकाचा, त्याला हात लावायचा नाही.

शेवटी जागा. संकेतस्थळावरून कॉपी केलेल्या नावांत १६० क्रमांकाची न तुटणारी जागा येते. ती साध्या जागेसारखीच दिसते आणि ‘ट्रिम’ सूत्र तिला काढत नाही. ‘वि. वा.’सारख्या आद्याक्षरांत ती फार असते.

नोंदी आधीच कोहात असतील तर मार्क निर्यात करून, साफ करून, पुन्हा आयात करता येतात, पण छोट्या ग्रंथालयासाठी कोहातलं एकगठ्ठा नोंदबदलाचं साधन बरं. मार्क बदलाचा साचा बनवा, त्यात शोध-बदलाचे वरचे नियम त्याच क्रमाने घाला आणि आधी वीस-पंचवीस नोंदींवर चालवून पाहा.

इंडेक्स: इथे मेहनत कमी, फळ जास्त

साठवण कितीही साफ केली तरी वाचक काय टाइप करेल ते तुमच्या हातात नाही. ‘वर्हाड’ लिहिणाऱ्यालाही पुस्तक मिळायला हवं. ते काम इंडेक्सने करायचं असतं, कारण नोंद आणि शोधशब्द दोन्ही त्याच चाळणीतून जातात.

झेब्रा दोन पद्धतींनी चालतो. जुनी पद्धत अक्षरनकाशाची, ती देवनागरीसाठी निरुपयोगी आहे. दुसरी आयसीयूची, म्हणजे युनिकोड हाताळणाऱ्या साधनसंचाची, तीच हवी. झेब्राच्या ‘डिफॉल्ट डॉट आयडीएक्स’ फाईलमध्ये ‘चारमॅप’ने सुरू होणाऱ्या ओळी चालू असतील, तर त्या टिप्पणीत टाका, म्हणजे बंद करा, आणि शेजारच्या ‘आयसीयूचेन’च्या ओळी उघडा.

यानंतर ‘वर्ड्स-आयसीयू’ नावाची एक्सएमएल फाईल उघडा. युरोपीय भाषांसाठी लिहिलेला एक नियम काही ठिकाणी असतो: अक्षरं सुटी करा, वरची-खालची चिन्हं काढा, पुन्हा जोडा. फ्रेंचला तो चालतो. मराठीत ‘वरची-खालची चिन्हं’ म्हणजे उकार, मात्रा, अनुस्वार आणि हलन्त. ‘पुणे’चं ‘पण’ होतं आणि शोधाला भलतीच पुस्तकं येतात. हा नियम दिसला तर काढा. न दिसणारं जोडचिन्ह आपोआप निघत असेल असंही समजू नका. फाईलमधला नियंत्रण-चिन्हं काढणारा नियम त्याला पकडत नाही, कारण युनिकोडमध्ये ते वेगळ्या गटात मोडतं.

शब्द तोडण्याच्या ओळीनंतर हे बदल घाला (खुणेच्या डावीकडच्या अक्षराच्या जागी उजवीकडचं). ८२०४ आणि ८२०५ काढून टाका. ऱ > र. नुक्ता काढा. अॅ > ॲ आणि ऍ > ॲ. हवं असेल तर ी > ि आणि ू > ु. यातला ‘ऱ > र’ फक्त इंडेक्समध्ये होतो. पडद्यावर शीर्षक ‘वऱ्हाड’च दिसतं, पण तिन्ही रूपं एकमेकांना भेटतात.

ऱ्हस्व-दीर्घ एक करण्यावर मतं वेगळी असू शकतात. एक केल्याने ‘दिन’ आणि ‘दीन’, ‘सुत’ आणि ‘सूत’ मिसळतात. विद्यापीठाच्या ग्रंथालयाला ते खटकेल. दहा-बारा हजार पुस्तकांच्या तालुका वाचनालयात दोन-चार जादा निकाल आले तर काही बिघडत नाही, पुस्तक न सापडणं जास्त महागात पडतं. आमचा कौल एक करण्याला आहे. क्रम लावणाऱ्या विभागात मात्र यातला एकही नियम घालू नका, नाहीतर यादीचा क्रम विस्कटेल.

फाईल वाचवली की लगेच इंडेक्स बांधायला बसू नका. ‘याझ-आयसीयू’ हे छोटं साधन ती फाईल वाचतं आणि तुम्ही दिलेल्या शब्दाचं इंडेक्समध्ये काय होईल ते दाखवतं. त्याला वऱ्हाड, पुणे, दुःख, ॲसिड असे शब्द देऊन बघा. मनासारखं आलं की झेब्रा पुन्हा सुरू करा आणि ‘कोहा-रीबिल्ड-झेब्रा’ पूर्ण बांधणीच्या पर्यायासह चालवा. एवढ्या नोंदींना काही मिनिटं लागतात. तरी ते वीज जाण्याच्या ठरलेल्या वेळी सुरू करू नका, अर्धवट इंडेक्स जुन्यापेक्षा वाईट.

‘सगळं नीट चाललं होतं, अपडेटनंतर पुन्हा तेच’ ही तक्रार आली तर कारण जवळपास नेहमी एकच असतं. अपडेट होताना संगणक विचारतो की तुमची बदललेली फाईल ठेवू की नवी घालू. घाईत नवी घातली जाते आणि आयसीयूच्या ओळी परत बंद होतात. जुनी ठेवा. दोन्ही फाईलींची एक प्रत वेगळ्या फोल्डरमध्येही असू द्या.

प्रश्नचिन्हं, विलायती अक्षरं आणि जुने फॉन्ट

जुन्या याद्या आयात करताना तीन प्रकारची खराबी दिसते, आणि तिघींचं औषध वेगळं.

शीर्षकाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं असतील तर मजकूर गेला. एक्सेलमधून साध्या सीएसव्हीत जतन केल्याचा हा परिणाम. मूळ एक्सेल फाईल असेल तर ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ निवडून पुन्हा काढा. नसेल तर दाखल रजिस्टरवरून टाइप करणं आलं. यूटीएफ-८ निवडल्यावर कधीकधी पहिल्या रकान्याचं नाव ओळखलं जात नाही. फाईलच्या सुरुवातीला एक न दिसणारं चिन्ह बसलेलं असतं, ते काढून टाकावं लागतं.

डोक्यावर तिरपी रेघ असलेला ‘ए’ आणि चलनाचं गोल चिन्ह पुन्हा पुन्हा येत असेल, तर मजकूर शाबूत आहे, फक्त चुकीच्या पद्धतीने वाचला गेला आहे. फाईल यूटीएफ-८ म्हणून पुन्हा उघडा. अशी फाईल जतन मात्र करू नका, दोनदा बिघडली की गुंता वाढतो.

सरळ इंग्रजी अक्षरांची अर्थहीन माळ दिसत असेल, तर भरती श्री-लिपी, कृतिदेव, शिवाजी किंवा तसल्याच फॉन्टमध्ये झालेली आहे. तिथे मुळात इंग्रजी अक्षरंच साठवलेली असतात, देवनागरी दिसतं ते फॉन्टमुळे. खात्री करायची तर एक शीर्षक नोटपॅडमध्ये पेस्ट करा. कन्व्हर्टर निवडताना फॉन्टचं नेमकं नाव लागतं, एकाच कंपनीच्या दोन फॉन्टांची मांडणीही वेगळी असू शकते. आधी शंभर शीर्षकं बदलून तपासा: पहिली वेलांटी सरकली का, रफार योग्य अक्षरावर बसला का, ‘ो’ आणि ‘आ’ तुटून आले का, ‘ऱ्य’ कोणत्या रूपात आला. इथे चूक राहिली तर हजारो नोंदींत राहते.

आयएसबीएनचा रकाना मजकूर म्हणून ठरवून मगच भरा, नाहीतर एक्सेल तेरा अंकांचं दशांशी रूप करून ठेवतं. दाखल क्रमांकापुढची शून्यंही त्यातच उडतात.

शीर्षक छापील तेच ठेवा, बाकीचं २४६ मध्ये

मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम १९६२ साली शासनमान्य झाले, १९७२ मध्ये त्यांत चार नियमांची भर पडली. त्याआधीच्या पुस्तकांवर ‘कवि’, ‘गति’, ‘कांहीं’ असं छापलेलं असतं. गावच्या जुन्या वाचनालयांत अशी पुस्तकं भरपूर आहेत. ती दुरुस्त करून ‘कवी’ लिहायचा मोह टाळा. २४५ या मार्कच्या मुख्य शीर्षकाच्या क्षेत्रात शीर्षकपानावर आहे तसंच लिहा आणि २४६ या पर्यायी शीर्षकाच्या क्षेत्रात आजचं रूप द्या.

जोतीराव फुल्यांचं १८८३ चं पुस्तक हे चांगलं उदाहरण आहे. आवृत्तीनुसार त्याचं शीर्षक ‘शेतकऱ्याचा असूड’, ‘शेतकऱ्यांचा असूड’, ‘शेतकऱ्याचा आसूड’ असं छापलेलं मिळतं. एक अनुस्वार, एक काना आणि वर ‘ऱ्य’. इंडेक्सचे नियम ‘ऱ्य’ सांभाळतील, पण असूड-आसूड त्यांच्या आवाक्याबाहेरचं आहे. ती रूपं हातानेच २४६ मध्ये द्यावी लागतात.

वऱ्हाडी आणि झाडीबोलीच्या पुस्तकांना हा नियम जास्तच कडकपणे लावा. वऱ्हाडीत ‘डोळा’चा ‘डोया’ होतो, ‘शाळा’ची ‘शाया’. शीर्षकात ‘डोया’ असेल तर २४५ मध्ये ‘डोया’च, २४६ मध्ये ‘डोळा’ घातलेलं रूप. भाषेचा संकेत मराठीचाच ठेवा, स्वतःचा नवा बनवू नका. बोलीचं नाव ५४६ च्या टिपेत लिहा, म्हणजे ‘झाडीबोली’ शोधल्यावर सगळी पुस्तकं एकत्र येतात.

काही वाचक रोमन अक्षरांत शोधतात. सगळ्या पुस्तकांना रोमन शीर्षक देत बसू नका. ज्यांची मागणी सतत असते त्यांनाच २४६ मध्ये बोलभाषेतलं रोमन रूप द्या. अमेरिकेच्या काँग्रेस लायब्ररीतून झेड३९.५० या नोंदी शोधून उतरवण्याच्या पद्धतीने उतरवलेल्या नोंदी जशाच्या तशा ठेवू नका. त्यांत रोमन रूप टिंबं-रेघांसह असतं आणि न उच्चारला जाणारा ‘अ’ही लिहिलेला असतो. गावचा वाचक तसं कधीच टाइप करणार नाही. उतरवा, पण २४५ देवनागरीत करा. ८८० च्या, म्हणजे दुसऱ्या लिपीतल्या, जोडनोंदींची गरज नाही. मार्क-२१ मध्ये सगळा मजकूर मूळ लिपीत नेहमीच्याच क्षेत्रांत ठेवण्याची पद्धत मान्य आहे आणि एका माणसावर चालणाऱ्या ‘क’ किंवा ‘ड’ वर्गाच्या ग्रंथालयाला तीच झेपते.

लेखक: एक माणूस, पाच नावं

विदर्भातल्या जवळजवळ प्रत्येक वाचनालयात तुकडोजी महाराजांची पुस्तकं असतात. कॅटलॉगात ती ‘राष्ट्रसंत तुकडोजी महाराज’, ‘तुकडोजी महाराज’, ‘संत तुकडोजी’, ‘तुकड्यादास’ अशी विखुरलेली सापडतात. एका नावावर टिचकी मारली की निम्मीच पुस्तकं येतात. अधिकृत नावाची एकच नोंद करा, तिच्या १०० मध्ये ठरवलेलं रूप आणि ४०० मध्ये बाकीची सगळी. राष्ट्रसंत, संत, डॉ., प्रा., कै. ही बिरुदं मुख्य नावाच्या सुरुवातीला नकोत, नाहीतर अर्धा कॅटलॉग ‘डॉ.’खाली जातो.

टोपणनावांचंही तसंच: ग्रेस आणि माणिक गोडघाटे, कुसुमाग्रज आणि शिरवाडकर. मलकापूरला जन्मलेले कवी बी, म्हणजे नारायण मुरलीधर गुप्ते, हे खास प्रकरण आहे. ‘बी’ शोधलं की बी-बियाण्यांची शेतीची पुस्तकं वर येतात. तिथे ‘गुप्ते, नारायण मुरलीधर’ची उलट नोंद असेल तरच वाचकाची सुटका होते.

आद्याक्षरांमध्ये टिंब आणि एक जागा, हा एकच नियम सगळीकडे पाळा. ‘वि.वा.’ चिकटून लिहिलं तर इंडेक्स त्याचे तुकडे वेगळे पाडू शकतो.

बारकोड वाचत नाही, पण स्कॅनर चांगला आहे

बारकोड स्कॅनर संगणकाच्या लेखी कीबोर्डच असतो. मराठी नोंद करता करता कीबोर्ड मराठीवर राहिला आणि त्याच अवस्थेत पुस्तक स्कॅन केलं, तर अंक देवनागरी होतात किंवा अक्षरं बदलतात आणि ‘आयटम सापडला नाही’ असा संदेश येतो. स्कॅन करण्याआधी कीबोर्ड इंग्रजीवर आणा. दाखल क्रमांक, प्रकाशनवर्षाचं सांकेतिक क्षेत्र, आयएसबीएन हे नेहमी इंग्रजी अंकांत. छापील शीर्षकात ‘भाग २’ असेल तर तो तसाच देवनागरीत.

कपाटातला क्रम आणि यादीतला क्रम

साठा पडताळणीत यादी आणि कपाट जुळत नाही, तेव्हा क्ष आणि ज्ञ पाहा. हाताने लावलेल्या कपाटात ते ळ नंतर अगदी शेवटी असतात. संगणकाची साधी क्रमवारी ‘क्ष’ला ‘क’मध्ये आणि ‘ज्ञ’ला ‘ज’मध्ये टाकते. पुस्तकं हरवलेली नसतात. यादी छापण्याआधी हे दोन गट तेवढे हलवा.

बाहेर पाठवण्याआधी

इंडेक्सचे नियम फक्त तुमच्या ओपॅकला वाचवतात. नोंदी जिल्ह्याच्या किंवा इतर संयुक्त कॅटलॉगात जातात, तेव्हा नियम सोबत जात नाहीत, कच्ची साठवण जाते. म्हणून साफसफाई आणि इंडेक्स दोन्ही लागतात.

कोणती पुस्तकं आधी साफ करायची हेही यावरूनच ठरवा. अनुदानातून आलेल्या प्रसिद्ध कादंबऱ्या प्रत्येक वाचनालयात आहेत, त्यांच्या चांगल्या नोंदी दुसरीकडून उतरवता येतात. तुमच्याच कपाटात असलेलं आधी घ्या: शाळेच्या आणि सहकारी संस्थांच्या स्मरणिका, गावाच्या इतिहासाच्या पुस्तिका, स्थानिक दिवाळी अंक, आणि गडचिरोली-चंद्रपूरकडे असाल तर झाडीपट्टी नाटकांच्या छापील किंवा हस्तलिखित संहिता. यांना बहुधा आयएसबीएन नसतो आणि उतरवून घ्यायला नोंदही नसते. ती तुम्ही केली नाही तर कोणत्याच कॅटलॉगात येणार नाही. स्मरणिकेत प्रकाशनवर्ष छापलेलं नसेल तर कार्यक्रमाच्या तारखेवरून ठरवा आणि चौकोनी कंसात द्या.

निर्यात केलेल्या फाईलमध्ये लीडरचं, म्हणजे मार्क नोंदीच्या सुरुवातीच्या सांकेतिक भागाचं, नववं स्थान तपासा. मोजणी शून्यापासून सुरू होते. तिथे इंग्रजी छोटा ‘ए’ असेल तर नोंद युनिकोड समजली जाते. ते रिकामं असेल तर समोरची प्रणाली तिला जुन्या मार्क-८ पद्धतीची समजेल. मार्क-८ मध्ये देवनागरीची सोयच नाही, म्हणून सगळी शीर्षकं तिकडे बिघडून पोहोचतील. जुन्या सॉफ्टवेअरमधून आलेल्या नोंदींत हे स्थान बरेचदा रिकामं असतं आणि कोहाच्या पडद्यावर मजकूर नीट दिसत असल्यामुळे ते कोणाच्या लक्षात येत नाही. दहा नोंदींची वेगळी फाईल काढून आधी तेवढीच पाठवा आणि समोरच्या कॅटलॉगात ‘ऱ्य’ आणि विसर्ग असलेली शीर्षकं शोधून पाहा. ती सापडली की उरलेल्या नोंदी पाठवा.